तांदळाच्या कोंड्याचे मोल

(पोट भरले की शरीराची गरज भागली, असे पुष्कळांना वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही तसेच वाटत असे. हा समज कोंबड्यांच्या एका खुराड्यामुळे खोटा ठरला. ज्यांनी त्या खुराड्याकडे बारकाईने पाहिले, त्या डॉक्टर आइकमान यांची ही जीवनकथा आहे. वाढत्या वयाच्या मुलामुलींनी काय खावे व का खावे, हेही या कथेतून समजते.)

शेतातून घरी आलेल्या भाताच्या दाण्यावर दोन आवरणे असतात. वरचे आवरण जाड आणि खरखरीत असते. त्याला तूस म्हणतात. तूस माणसाला खाता येत नाही. ते काढले की आतून तांबूस रंगाचा दाणा बाहेर येतो. या दाण्यावर एक पातळ पापुद्रा असतो. पूर्वी आपल्याकडे बायका उखळात मुसळाने भात सडत असत. त्यात तूस निघून जाई, पण हा पापुद्रा बराचसा दाण्याला चिकटून राही. यालाच हातसडीचा तांदूळ म्हणतात. तो दिसायला जरा मळकट असतो आणि शिजायला वेळ घेतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या. गिरणीत तांदूळ घासला जाऊ लागला. पापुद्रा पूर्ण निघून आतला दाणा मोत्यासारखा पांढरा दिसू लागला. असा तांदूळ पुष्कळ दिवस टिके, लवकर शिजे आणि पानात शोभून दिसे. लोक खूश झाले. घासून निघालेला कोंडा गुरांपुढे आणि कोंबड्यांपुढे टाकला जाई. त्या कोंड्याबरोबर आपण काय फेकून देत आहोत, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

हे जगाला ज्यांच्यामुळे कळले, ते डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान ११ ऑगस्ट १८५८ रोजी हॉलंड देशातील नाइकेर्क या गावी जन्मले. त्यांचे वडील तेथील शाळेत मुख्याध्यापक होते. आईवडिलांचे हे सातवे अपत्य. पुढे हे कुटुंब झांदाम या गावी राहायला गेले. तेथेच ख्रिस्तियान यांचे शालेय शिक्षण झाले. १८७५ साली त्यांनी अम्स्टरडॅमच्या लष्करी वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. या शाळेत लष्करासाठी डॉक्टर तयार केले जात. आइकमान यांनी मन लावून अभ्यास केला आणि १८८३ साली मानाने डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी आजच्या इंडोनेशिया देशावर हॉलंडचे राज्य होते. जावा, सुमात्रा अशा अनेक बेटांचा हा मुलूख. तेथील लोकांचे मुख्य अन्न भात. त्याच वर्षी आइकमान लष्करी डॉक्टर म्हणून या मुलखात आले. जावा बेटावरील सेमारंग आणि चिलाचाप व नंतर सुमात्रा बेट येथे त्यांनी काम केले. परंतु चिलाचाप येथे त्यांना मलेरियाने गाठले. तब्येत इतकी ढासळली, की १८८५ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. अवघे अठ्ठावीस वर्षांचे वय, खालावलेली तब्येत आणि त्यात हे दुःख! पण आइकमान खचून बसले नाहीत. जंतुशास्त्र हे नवे शास्त्र शिकण्यासाठी ते बर्लिनला डॉक्टर रॉबर्ट कॉख यांच्याकडे गेले.

तो काळ जंतूंच्या शोधाचा होता. कॉख यांनी १८८२ साली क्षयरोगाचा जंतू शोधला होता. त्यानंतर त्यांनी पटकीचा जंतूही ओळखला. त्यामुळे प्रत्येक रोगामागे एखादा जंतू असलाच पाहिजे, असे डॉक्टरांना वाटू लागले होते. रोग दिसला, की सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचा, हीच रीत पडली होती.

इकडे जावा-सुमात्रात एका रोगाने थैमान घातले होते. त्याचे नाव बेरीबेरी. आधी रोग्याचे पाय जड होत. पायांना मुंग्या येत. चालताना तोल जाई. हळूहळू पायांतील शक्ती नाहीशी होई. काहींच्या अंगावर सूज चढे, दम लागे आणि एके दिवशी हृदय बंद पडे. सकाळी कामावर गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळपर्यंत मरण पावल्याचीही उदाहरणे घडत. हा रोग विशेषतः सैनिकांना, खलाशांना, मजुरांना आणि तुरुंगातील कैद्यांना होई. सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे नावाचे राज्य होते. ते जिंकण्यासाठी डच सरकारने १८७३ पासून लढाई चालवली होती. तेथे गोळीने जखमी होणाऱ्या सैनिकांइतकीच काळजी सरकारला बेरीबेरीची वाटू लागली.

अखेर सरकारने पेकेलहारिंग आणि विंकलर या दोन तज्ज्ञांना या रोगाचा छडा लावण्यासाठी जावाला पाठवायचे ठरवले. बर्लिनमध्ये त्यांची आइकमान यांच्याशी भेट झाली. आइकमान यांना तो मुलूख माहीत होता आणि जंतुशास्त्रही येत होते. त्यांना मदतनीस म्हणून बरोबर घेण्यात आले. अशा रीतीने ज्या मुलखातून ते आजारी होऊन परतले होते, तेथेच १८८६ साली ते पुन्हा निघाले.

काही महिन्यांच्या तपासानंतर दोन्ही तज्ज्ञांनी बेरीबेरी हा जंतूंमुळे होणारा रोग आहे, असा निष्कर्ष काढला आणि ते हॉलंडला परत गेले. उरलेले काम आइकमान यांच्याकडे आले. बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथील लष्करी रुग्णालयात एक प्रयोगशाळा उघडण्यात आली. १५ जानेवारी १८८८ रोजी आइकमान तिचे प्रमुख झाले. जावातील स्थानिक तरुणांना वैद्यकशास्त्र शिकवणाऱ्या शाळेची जबाबदारीही त्यांच्याकडे होती.

याच प्रयोगशाळेत त्यांनी आणखी एक महत्त्वाचे काम केले. गोऱ्या माणसाचे रक्त उष्ण प्रदेशात पातळ होते, त्याचे शरीर स्थानिक माणसाच्या शरीरापेक्षा वेगळे चालते, असे त्या वेळी युरोपात बोलले जाई. आइकमान यांनी दोघांचेही रक्त तपासले, घामाचे आणि श्वासाचे मोजमाप केले. दोघांत काही फरक दिसला नाही. ऐकीव गोष्ट खरी न मानता मोजून पाहायची, ही त्यांची सवय येथे दिसून येते.

बेरीबेरीचा जंतू सापडावा म्हणून त्यांनी कोंबड्यांवर प्रयोग सुरू केले. कोंबडी स्वस्त मिळते, तिला जागाही थोडी लागते. रोग्यांचे रक्त टोचून कोंबड्यांना रोग होतो का, हे ते पाहत होते. पुष्कळ दिवस काहीच घडले नाही. मग १८८९ सालच्या जुलै महिन्यात एकाएकी कोंबड्या आजारी पडू लागल्या. त्या लटपटत चालू लागल्या. पायांत बळ न राहिल्याने त्या बसून राहत, मग कुशीवर पडत. मान वाकडी होई, श्वास मंद होई आणि त्या मरत. माणसाच्या बेरीबेरीसारखाच हा आजार होता.

आइकमान यांना आनंद झाला. पण लगेच एक अडचण उभी राहिली. ज्यांना रक्त टोचले होते त्या कोंबड्या आजारी पडल्या, तशाच न टोचलेल्याही पडल्या. सगळ्या एकत्र राहत असल्याने रोगाचा संसर्ग झाला असावा, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी काही कोंबड्या दूर, वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवल्या. त्याही आजारी पडल्या. मेलेल्या कोंबड्यांची शरीरे तपासली. जंतू कोठेच सापडेना.

आणि नोव्हेंबर संपता संपता आणखी एक नवल घडले. आजार जसा अचानक आला, तसाच अचानक गेला! नव्या कोंबड्या आजारी पडेनात आणि आजारी असलेल्या बऱ्या होऊ लागल्या. कोणतेही औषध दिलेले नव्हते. आता प्रयोग तरी कशावर करायचा?

दुसरा एखादा माणूस कंटाळून हा नाद सोडून बसला असता. आइकमान यांनी मात्र चौकशी सुरू केली. या पाच महिन्यांत कोंबड्यांच्या बाबतीत काय काय बदलले? पाणी, जागा, पिंजरे, खाणे, सगळ्यांचा त्यांनी विचार केला. तेव्हा प्रयोगशाळेतील नोकराकडून एक साधी गोष्ट कळली. १७ जूनपासून तो कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उरलेला भात घालत होता. त्यामुळे दाण्यांचा खर्च वाचत असे. हा भात रुग्णांसाठी शिजवलेला, गिरणीत घासलेल्या पांढऱ्या तांदळाचा होता. पुढे स्वयंपाकघरात नवा आचारी आला. लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला त्याने साफ नकार दिला. त्यामुळे २७ नोव्हेंबरपासून कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला.

हिशोब जुळला. पांढरा भात सुरू झाल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी आजार आला होता आणि तो बंद होताच आजार गेला होता.

पण एका योगायोगावर विश्वास ठेवून चालत नाही. आइकमान यांनी पुढची काही वर्षे हेच पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. काही कोंबड्यांना पांढरा तांदूळ दिला. तीन-चार आठवड्यांत त्या आजारी पडल्या. काहींना कोंड्याचा तांदूळ दिला. त्या ठणठणीत राहिल्या. आजारी कोंबड्यांना पांढऱ्या तांदळाबरोबर नुसता कोंडा दिला. त्या बऱ्या झाल्या. तांदूळ जुना झाल्यामुळे बिघडतो का? पाण्यात दोष आहे का? शिजवल्यामुळे काही होते का? अशी प्रत्येक शंका त्यांनी एकेक करून पारखली. प्रत्येक वेळी बोट कोंड्याकडेच गेले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आइकमान यांना उपाय सापडला होता, पण त्याचे कारण त्यांनी बरोबर ओळखले नव्हते. पांढऱ्या तांदळात एक प्रकारचे विष असते आणि कोंड्यात त्या विषावरचा उतारा असतो, असे त्यांना वाटले. अन्नात काहीतरी कमी असल्यामुळे रोग होऊ शकतो, ही कल्पनाच त्या काळी नवीन होती. रोग म्हणजे बाहेरून शरीरात शिरलेले काहीतरी, असेच सगळे मानत.

कोंबड्यांना लागू पडते ते माणसांना लागू पडेल का, हा पुढचा प्रश्न होता. आइकमान यांचे स्नेही डॉक्टर फोर्डरमान हे जावातील वैद्यकीय निरीक्षक होते. तुरुंगांची तपासणी त्यांच्याकडे होती. जावात निरनिराळ्या भागांतील तुरुंगांत निरनिराळा तांदूळ दिला जाई. जेथे ज्या तांदळाचा रिवाज, तेथे तो. फोर्डरमान यांनी १०१ तुरुंगांची माहिती गोळा केली. त्यांत मिळून पावणेतीन लाखांहून अधिक कैदी होते. ज्या ३७ तुरुंगांत कोंड्याचा तांदूळ दिला जाई, त्यांपैकी केवळ एका तुरुंगात बेरीबेरी आढळली. ज्या ५१ तुरुंगांत पांढरा तांदूळ दिला जाई, त्यांपैकी ३६ तुरुंगांत ती होती. पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत सुमारे ३९ कैद्यांमागे एक जण आजारी होता. कोंड्याचा तांदूळ खाणाऱ्यांत हे प्रमाण दहा हजारांमागे एक असे होते. इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, गर्दी कमी की जास्त, यांमुळे काही फरक पडत नव्हता.

यापेक्षा स्पष्ट पुरावा आणखी कोणता हवा? ज्या कैद्यांना आपल्या ताटात काय यावे हे ठरवण्याचा हक्क नव्हता, त्यांचे जीवन आणि मरण तांदळाच्या एका पापुद्र्यावर अवलंबून होते.

१८९६ साली पुन्हा तब्येत बिघडल्याने आइकमान यांना जावा सोडावे लागले. हॉलंडमध्ये त्यांच्या शोधाचे फारसे स्वागत झाले नाही. कोंबड्यांचा आजार वेगळा, माणसांचा वेगळा, असे म्हणून अनेक डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे उडवून लावले. आइकमान शांतपणे आपले काम करीत राहिले.

जावात त्यांचे काम डॉक्टर ग्राइन्स यांनी पुढे चालवले. ग्राइन्स यांनी कोंबड्यांना आणखी निरनिराळे पदार्थ देऊन पाहिले. त्यांत एका धान्याचा गुण फार चांगला आला. ते धान्य म्हणजे आपले हिरवे मूग! कोंड्यासारखेच मूगही कोंबड्यांचा आजार बरा करीत होते. मग विष आणि उतारा ही कल्पना कशाला हवी? १९०१ साली ग्राइन्स यांनी खरे कारण मांडले. कोंड्यात आणि मुगात असा एखादा पदार्थ आहे, जो शरीराच्या मज्जातंतूंना लागतो. तो अन्नात नसेल, तर आजार होतो. पांढऱ्या तांदळात विष नसते, एका गरजेच्या पदार्थाची उणीव असते. पुढे आइकमान यांनी आपल्या मागून आलेल्या या संशोधकाचे म्हणणे मान्य केले. आपले मत चुकले हे पुराव्यापुढे कबूल करणे, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा होय.

१८९८ साली आइकमान उट्रेख्त येथील विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी तीस वर्षे शिकवले. पिण्याचे शुद्ध पाणी, चांगली घरे, शाळेतील मुलांचे आरोग्य आणि व्यायाम या कामांत त्यांनी लक्ष घातले. दारूच्या व्यसनाविरुद्ध आणि क्षयरोग निवारणासाठीही ते झटले.

दरम्यान दुसऱ्या देशांतही शोध चालू होते. १९१२ साली कासिमिर फंक या शास्त्रज्ञाने अन्नातील अशा पदार्थांना व्हिटॅमिन हे नाव सुचवले. मराठीत आपण त्यांना जीवनसत्त्वे म्हणतो. त्याच वर्षी इंग्लंडमधील हॉपकिन्स यांनी उंदरांच्या पिलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी पिलांना शुद्ध केलेले पिष्ट, प्रथिने, चरबी आणि क्षार दिले. पोटभर अन्न मिळूनही पिलांची वाढ थांबली. दुसऱ्या गटातील पिलांना त्याच अन्नाबरोबर रोज चमचाभरही नाही एवढे थोडे दूध दिले. ती पिले भराभर वाढू लागली. अठरा दिवसांनंतर हॉपकिन्स यांनी अदलाबदल केली. आता दूध मिळणारी पिले वाढू लागली आणि ज्यांचे दूध बंद झाले, त्यांची वाढ खुंटली. वाढत्या वयात पोट भरणे पुरेसे नसते, अन्नात जीवनसत्त्वेही हवीत, हे यावरून सिद्ध झाले.

१९२६ साली आइकमान यांच्याच बटाव्हियातील प्रयोगशाळेत यानसेन आणि डोनाथ या दोघांनी कोंड्यातील ते जीवनसत्त्व शुद्ध रूपात वेगळे केले. त्यासाठी सुमारे ३०० किलो कोंडा लागला आणि हाती आले ते फक्त १०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही! यालाच आज आपण 'ब-१' जीवनसत्त्व म्हणतो.

१९२९ साली आइकमान आणि हॉपकिन्स यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोंबड्यांच्या त्या आजाराला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. आइकमान इतके आजारी होते, की पारितोषिक घेण्यासाठी ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १९३० रोजी, उट्रेख्त येथे त्यांचे निधन झाले. १९३८ साली बटाव्हियातील प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

मुलांनो, 'ब-१' जीवनसत्त्व शरीरात काय काम करते? आपण भात, पोळी, साखर खातो. त्यांपासून शक्ती तयार करण्यासाठी शरीराला या जीवनसत्त्वाची मदत लागते. ते नसेल, तर खाल्लेल्या भाताचा पूर्ण उपयोग होत नाही. मेंदू, मज्जातंतू आणि हृदय यांना त्याची सर्वांत आधी उणीव भासते. तुमच्या वयाच्या मुलाला रोज सुमारे एक मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग, एवढेच ते पुरते. परंतु शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ पुरत नाही. म्हणून ते रोजच्या जेवणातून मिळायला हवे.

बेरीबेरी आता इतिहासजमा झाली, असे समजू नका. अलीकडच्या काळात आपल्याच देशातील काश्मीर खोऱ्यात काही तान्ही बाळे अचानक गंभीर आजारी पडल्याचे डॉक्टरांना आढळले. त्यांच्या माता मुख्यतः पांढरा तांदूळ, तोही पुन्हा पुन्हा धुऊन शिजवलेला, खात होत्या. आईच्या दुधातच 'ब-१' कमी होते. वेळीच हे जीवनसत्त्व टोचल्यावर कित्येक बाळांची प्रकृती काही तासांत सुधारली. ज्यांना वेळेवर उपचार मिळाले नाहीत, त्यांच्या जिवाला मोठा धोका होता.

आपल्या कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खाण्याची जुनी पद्धत आहे. भात सालीसकट भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग सडतात. 'ब-१' पाण्यात विरघळते. उकडताना ते कोंड्यातून दाण्याच्या आत जाते. त्यामुळे नंतर कोंडा निघाला तरी जीवनसत्त्वाचा मोठा भाग दाण्यातच राहतो. आपल्या आज्यांना जीवनसत्त्व हा शब्द माहीत नव्हता, पण उकड्या तांदळाची पेज अंगी लागते, हे त्यांना ठाऊक होते.

यातून आपणही काही शिकू शकतो. तांदूळ एकदा-दोनदा हलक्या हाताने धुवावा. भात शिजवताना बेताचे पाणी घालावे, वरचे पाणी ओतून टाकू नये. कणीक चाळून कोंडा फेकू नये. मैदा म्हणजे कोंडा काढलेला गहूच. म्हणून पाव, खारी आणि बिस्किटे यांवरच दिवस काढू नये. ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाची उसळ, डाळ, शेंगदाणे, तीळ, अंडी, मासे, मटण यांपैकी जे घरी परवडते व चालते, ते भाताबरोबर खावे. त्यासाठी फार पैसे लागतात असेही नाही. शाळेत मिळणाऱ्या खिचडीतील मुगाची डाळ काहीजण बाजूला काढून ठेवतात. तसे करताना बटाव्हियातील त्या कोंबड्यांची आठवण ठेवावी. ज्यावर त्या जगल्या, तेच आपण ताटाच्या कडेला लोटत असतो.

शब्दार्थ

मोल – किंमत
तूस – धान्यावरचे जाड टरफल, भुसा
सडणे – कुटून टरफल काढणे
पापुद्रा – पातळ साल
मुलूख – प्रदेश, मुल्क
खचणे – धीर सोडणे, हिंमत हारणे
थैमान घालणे – धुमाकूळ घालणे
छडा लावणे – शोध लावणे
संसर्ग – एकाकडून दुसऱ्याला रोग लागणे, छूत
निष्कर्ष – नतीजा
पुरावा – सबूत
संशोधक – तहकीक करणारा
उणीव – कमतरता, कमी
अंगी लागणे – शरीराला मानवणे, शक्ती देणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आइकमान यांचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) आइकमान यांना १८८५ साली मायदेशी का परतावे लागले?
(इ) नव्या आचाऱ्याने कशाला नकार दिला?
(ई) ग्राइन्स यांना कोणत्या धान्याचा चांगला गुण आढळला?

२. रिकाम्या जागा भरा.
(अ) फोर्डरमान यांनी ....... तुरुंगांची माहिती गोळा केली.
(आ) अन्नातील गरजेच्या पदार्थांना ....... यांनी व्हिटॅमिन हे नाव सुचवले.
(इ) आइकमान आणि ....... यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोंबड्यांच्या आजाराचे कारण आइकमान यांनी कसे शोधून काढले?
(आ) आइकमान यांचा कोणता अंदाज चुकला? तो कोणी व कसा दुरुस्त केला?
(इ) हॉपकिन्स यांच्या प्रयोगावरून वाढत्या वयाच्या मुलांनी काय शिकावे?

४. वाक्यात उपयोग करा.
छडा लावणे, थैमान घालणे, हिशोब जुळणे, अंगी लागणे.

५. उर्दूत व मराठीत सारख्या अर्थाने येणारे पाच शब्द पाठातून शोधून लिहा. (उदाहरणार्थ : तब्येत)

६. उपक्रम : तुमच्या घरी एका आठवड्यात कोणकोणती धान्ये व डाळी खाल्ल्या जातात, याचा तक्ता तयार करा. घरातील वडीलधाऱ्यांना, त्यांच्या लहानपणी तांदूळ कसा सडला जाई, हे विचारा आणि पाच ओळी लिहा.